पालथं घड्याळ

मनगटावरचं घड्याळ पालथं का घालावं, या विषयावर मी आता अधिकारवाणीनं बोलू शकतो. पाटबंधारे खात्यातल्या हेडक्लार्कला अधिकारवाणीनं बोलायला फारसे विषय मिळत नाहीत. धरणावर इंजिनियर बोलतात, पाण्यावर पुढारी बोलतात, आमच्या वाट्याला जावक क्रमांक उरतो. तेव्हा हा एक विषय तरी मला माझ्या हक्काचा वाटतो. ऑफिसात लोक तो काढून हसतात, ती गोष्ट वेगळी.

घड्याळ आलं कुवेतहून. माझा मेहुणा रुपराव तिथं एका शेखाकडे मोटार चालवतो. शेखाच्या बेगमेला या घड्याळाचा कंटाळा आला म्हणून तिनं ते रुपरावाला देऊन टाकलं, आणि दिवाळीला सुट्टीवर आला तेव्हा त्यानं ते भाऊबिजेला बहिणीच्या ताटात टाकलं. बहीण म्हणजे आमची शामला. आमच्या सक्करदऱ्यात एखाद्या वस्तूचा फारच कंटाळा आला तर बायका ती भांडेवालीला देऊन एखादं गंज-पातेलं घेतात. सोन्याचं घड्याळ कंटाळा आला म्हणून ड्रायव्हरला द्यायचं, ही पायरी आमच्यापासून बरीच वर आहे.

घड्याळ होतं मात्र पाहण्यासारखं. माझे वडील जन्मभर मागावर बसून लुगडी विणत होते, त्यामुळे पोत मला बोटांना कळतो. त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि मी गार झालो. सोन्याची तार इतकी दाट विणलेली, की वडील असते तर त्यांनी कारागिराचं गाव विचारलं असतं. आणि तबकडीच्या जागी एक अख्खं पोवळं! अंड्याच्या आकाराचं कापून, घासून, चकचकीत करून बसवलेलं, लालभडक. भोवती बारीक हिऱ्यांची ओळ. वर केसाएवढे दोन काटे. आकडा एकही नाही.

"आकडे कुठं आहेत गा?" मी विचारलं.

"भाऊजी, एवढ्या मोठ्या लोकाईले वेळ अंदाजे चालते," रुपराव म्हणाला.

हे मला एकदम पटलं. आकडे लागतात ते साडेदहाच्या मस्टरवर सही करणाऱ्याला.

दोन-चार दिवस शामलानं ते घड्याळ चारचौघींसारखं सुलटं घातलं. मग एका संध्याकाळी नत्थूजी चहाला आले. नत्थूजी आमचे शेजारी. धान्याचे अडते. मूठभर तूर हातात घेऊन ती कोणत्या तालुक्यातली हे सांगतात, आणि त्यामुळे जगातली उरलेली प्रत्येक वस्तूही आपल्याला मुठीत घेतल्याबरोबर समजते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी शामलाचं मनगट लांबूनच निरखलं, बशी खाली ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, हे तं पोवळं होय!"

शामलाच्या हातातली किटली तशीच राहिली.

आता इथं आमच्या पुष्पलताबद्दल सांगायला हवं. पुष्पलता आमची एकुलती एक. बी.ए. झालेली, बालवाडीत शिकवते, हसरी आहे, आणि बापाला उलट उत्तर देण्यात कोणाला हार जाणारी नाही. तिला पाहायला येणारे लोक पोटभर खायचे, "कळवतो" म्हणायचे आणि जायचे. 'कळवतो' या शब्दाचा अर्थ मी सरकारी नोकरीत असल्यामुळे मला ताबडतोब कळायचा. शामलाला मात्र तो दर वेळी नव्यानं लागायचा. ती रात्र-रात्र जागी असायची. विचारलं तर म्हणायची, "माह्या पोरीले कोणी नाई म्हणते, ते मले सहन नाई होत." मलाही होत नव्हतं.

तर नत्थूजींनी मागेच पुष्पलताची पत्रिका रामटेकच्या एका गुरुजींना दाखवून आणली होती. आम्ही सांगितलं नव्हतं. शेजारधर्म म्हणून. गुरुजींनी पत्रिकेत मंगळ काढला आणि उपाय म्हणून मोठंसं पोवळं सांगितलं. जेवढं पोवळं त्यांनी सांगितलं तेवढं हेडक्लार्कच्या घरात यायला हेडक्लार्कनं धरणच विकायला हवं होतं. म्हणून तो विषय मागे पडला होता.

"अन् आता पाहा," नत्थूजी म्हणाले, "देवानं कुवेतवरून पाठवून देल्लं. पन वहिनी, हे पोरीच्या हातात पायजे. अन् खडा अंगाले लागला पायजे. वरतून पाहून काई फायदा नाई."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे पालथं घाला."

मी सुशिक्षित माणूस आहे. ग्रहांना मी मानत नाही. पण ग्रह मला मानतात की नाही याची खात्री नसल्यामुळे मी सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. शिवाय याला खर्च काही नव्हता. आणि तेवढ्यातच उमरेडहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा कोळशाच्या खाणीत हजेरीबाबू, माणसं आपल्यातलीच, पूर्वीची मागावरची. त्याचा फोटो पुष्पलतानं पाहिला होता आणि न विचारता म्हणाली होती, "बाबा, हा फोटोत हासून राह्यला. हासनारा पयलाच आहे." पोरीनं एवढं बोलल्यावर बापानं घड्याळ पालथं घालायला नाही कसं म्हणावं?

पुष्पलता आधी खूप हसली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हात पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून सोन्याचं पालथं घड्याळ बालवाडीत जाऊ लागलं. लोकांना दिसायची ती मागची गुळगुळीत पाठ. कोणाला तो ताईत वाटला, कोणाला तपकिरीची डबी. कोणी वेळ विचारली की पुष्पलता पट्टा सोडायची, घड्याळ उलटायची, आकडे नसल्यामुळे जरा विचार करायची आणि सांगायची. तोवर शाळेचा शिपाई घंटा देऊन मोकळा व्हायचा.

आठवडा गेला आणि नत्थूजींना शंका आली.

"बाबनराव," ते मला फाटकातच म्हणाले, "मधात काच आहे."

"मग?"

"काचातून गुन कसा लागन? लोनच्याची बरनी बाहेरून चाटली तं चव येते का गा?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मी अनेकांना विचारून पाहिलं आहे. शामलानं तर त्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी मी घड्याळ रुमालात बांधून सीताबर्डीवर निघालो.

ईश्वरदास घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले होते. घड्याळ पाहताच त्यांनी भिंग काढलं, पुसलं आणि परत लावलं. "वा, वा, बाबनराव! काय माल आहे! काय बिघडलं याचं?"

"बिघडलं काही नाही. काच काढायची आहे."

"फुटली?"

"नाही. काढायचीच आहे."

ईश्वरदासांनी माझ्याकडे भिंगातून पाहिलं. मग म्हणाले की काच सोन्याच्या कडीत दाबून बसवली आहे, ती कडी उचलणं सोनाराचं काम. त्यांची पक्कड सोन्याला लागली तर चरा पडेल. इतवारीत जा.

इतवारीतल्या सोनारानं घड्याळ तळहातावर घेतलं आणि लगेच परत माझ्या तळहातावर ठेवलं. "विलायती सोनं होय. सोन्याचा कायदा कडक आहे. म्या कडी उचलली अन् उद्या इन्स्पेक्टर आला तं? तुमी पयले ऑफिसातून विचारून या."

सोन्याच्या कायद्याचं ते ऑफिस कुठं होतं आणि कोणतं होतं, हे मी सांगणार नाही. सरकारी माणसानं सरकारी माणसाचं उणं काढू नये. तिथं मला कळलं की साहेब चहाला गेले आहेत. मी बाकावर बसलो. साहेब आले आणि बैठकीला गेले. बैठकीतून आले आणि परत चहाला गेले. हे सगळे डाव मी स्वतः रोज खेळतो, पण समोरून खेळताना ते इतके लागतात याची मला कल्पना नव्हती. शेवटी साहेबांनी घड्याळ हातात घेतलं.

"हे घड्याळ आहे की दागिना?"

"दोन्ही."

"दोन्ही असं काही नसतं. वेळ दाखवते?"

"दाखवते. अंदाजे."

"अंदाजे म्हणजे?"

"आकडे नाहीत."

साहेबांनी शेजारच्या टेबलावरच्या बाबूला बोलावलं. त्यानं तिसऱ्याला बोलावलं. तिघांत बराच खल झाला, आणि निर्णय असा निघाला की जोवर काटे आहेत तोवर ते घड्याळ. काटे नसले तर दागिना. आणि घड्याळ असेल तर आपल्याकडे येत नाही. मी विचारलं, "मग सोनारानं हात लावावा का?" साहेब म्हणाले, "आम्ही कोण सांगणारे?"

हरकत नाही असं ते म्हणाले नाहीत, पण हरकत आहे असंही म्हणाले नाहीत. आमच्या भाषेत याला परवानगी म्हणतात. मी सोनाराला हात धरून ईश्वरदासांच्या दुकानी आणलं. एकानं सोनं धरलं, दुसऱ्यानं घड्याळ धरलं, मी श्वास धरला, आणि काच निघाली.

त्या रात्री पोवळं पुष्पलताच्या मनगटाला लागलं आणि शामला घोरली. लग्न झाल्यापासून मी तिचं घोरणं इतक्या आनंदानं कधी ऐकलं नव्हतं.

पण काच गेल्यामुळे काटे उघडे पडले होते. दुसऱ्या दिवशी पोरीच्या मनगटावर दोन लाल ओरखडे! शिवाय काटे कातडीला अडकून थांबत, आणि घड्याळ बंद पडे. नत्थूजींना हे कळताच ते हातातलं वर्तमानपत्र टाकून धावत आले. "बंद घड्याळ घरात ठेवाचं नसते! हे तं मंगळापेक्षा वाईट!"

"मग काय करू? काटे काढू?" मी चिडून म्हणालो.

रागाच्या भरात माणसानं नत्थूजींसमोर काही सुचवू नये. ते प्रसन्न झाले. "हे बरोबर बोलले तुमी."

ईश्वरदासांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मग डोक्याची टोपी काढून काउंटरवर ठेवली. "बाबनराव, चाळीस वर्सं काटे बसवून राह्यलो मी. काढाले कोनी आलं नाई. काढतो मी, पन मांगच्या खोलीत. गिऱ्हाइकानं पायलं तं माहा धंदा बसन." आणि मागच्या खोलीत, चोरीचा माल फोडावा तसे आम्ही दोघांनी बेगमेच्या घड्याळाचे काटे काढले. साहेबांच्या हिशेबानं घड्याळाचा त्या क्षणी दागिना झाला, पण ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

काटे शामलानं हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले. घड्याळ चालू राहायला हवं म्हणून रोज सकाळी देवपूजा झाली की ती त्याला किल्ली द्यायची. काच नाही, काटे नाहीत, आकडे तर मुळातच नव्हते. पण आतून टिकटिक चालू. पुष्पलता म्हणायची, "बाबा, माहा मंगळ रात्रभर आवाज करून राह्यते." मी तिला म्हणालो, पोरी, उमरेडची माणसं येऊन जाईपर्यंत सोस. ती म्हणाली, "सोसूनच राह्यली न मी." हे ती हसत म्हणाली, पण त्या दिवशी मी ताटावरून लवकर उठलो.

उमरेडची माणसं रविवारी दुपारी आली. मुलाची आई चंद्रकलाबाई, पुढे चालणाऱ्या. वडील धोंडबाजी, मागे चालणारे. आणि मुलगा, फोटोतल्यासारखाच, ओठ मिटून घेतले तरी हसू डोळ्यांतून सांडणारा. नत्थूजी वडीलधारे म्हणून कोचावर बसले होते. शामलानं आलूबोंडे काढले, पुष्पलतानं ते आणून ठेवले, सगळं कसं छान चाललं होतं. चंद्रकलाबाईंनी पोरीला बालवाडीतल्या मुलांबद्दल विचारलं. तिनं एका पोराची नक्कल केली. मुलगा हसला. मी मनातल्या मनात हॉल बुक केला.

आणि रुपराव आला.

तो सासुरवाडीला गेला होता. सोमवारी येणार होता. भाचीला पाहायला येताहेत हे कळलं म्हणून मामाच्या मायेनं एक दिवस आधी आला. पांढरा सफारी, काळा चष्मा, अंगाला असं अत्तर की आलूबोंड्यांचा वास दबला. पाच मिनिटांत त्यानं पाहुण्यांना कुवेत फिरवून आणलं आणि मग पुष्पलताच्या हाताकडे बोट दाखवलं.

"हे घड्याळ पायलं का? शेखाच्या बेगमेचं होय! बैननं भाचीले देल्लं वाट्टे. पुष्पे, पालथं काहून घातलं वं? दाखव न!"

पुष्पलतानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मामा, राहू द्या न," ती म्हणाली.

"लाजते," रुपराव पाहुण्यांना म्हणाला, आणि स्वतःच पट्टा सोडून त्यानं घड्याळ मोठ्या ऐटीत चंद्रकलाबाईंसमोर धरलं. मग चष्मा काढला. मग घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"भाऊजी, याचे काटे कुठं आहेत?"

मी काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून शामला म्हणाली, "हिंगाच्या डबीत." बिचारी खोटं बोलूच शकत नाही.

"अन् काच?"

कोचावरून नत्थूजी उठले. "माहा तुरीचा ट्रक येऊन राह्यला," असं काहीतरी पुटपुटत ते चपला शोधू लागले. रविवारी बाजार बंद असतो.

"काहून काढले काटे?" हा प्रश्न आता चंद्रकलाबाईंचा होता. त्या कोणावर रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी घसा खाकरला. पाटबंधारे खात्यात मी विधानसभेच्या प्रश्नांचीही उत्तरं तयार केली आहेत, ज्यांत पुष्कळ शब्द असतात आणि काहीच नसतं. तसलं एक उत्तर मी जुळवत होतो. पण पुष्पलतानं माझी वाट पाहिली नाही.

"मावशी, माह्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणते. हे पोवळं होय. अंगाले लागलं पायजे म्हणून पालथं घातलं, लागत नोतं म्हणून काच काढली, अन् टोचत होते म्हणून काटे."

धोंडबाजींचा आलूबोंडा तोंडाजवळ थांबला. चंद्रकलाबाई नवऱ्याकडे वळल्या आणि मग माझ्याकडे.

"पन आमी पत्रिका मांगितलीच नोती," त्या म्हणाल्या.

आणि खरंच, त्यांनी मागितली नव्हती. ना पत्रानं, ना निरोप्याबरोबर, ना आल्यावर. ती माणसं मुलगी पाहायला आली होती आणि मुलगी पाहून खूश झाली होती. आम्ही इतवारी ते सीताबर्डी चपला झिजवल्या, बेगमेचं घड्याळ सोलून काढलं, आणि एवढं करून काय मिळवलं, तर कोणी न विचारलेला मंगळ स्वतःच्या हातानं पाहुण्यांच्या समोर वाढला. त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी आधी नत्थूजींना ढकललं असतं आणि मग स्वतः उडी घेतली असती.

दारात शामला पदर तोंडाशी धरून उभी होती. तिच्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

"तुले खरं वाट्टे का वं हे?" चंद्रकलाबाईंनी पुष्पलताला विचारलं.

"नाई."

"मंग घालतं काहून?"

"आईले झोप लागते म्हणून."

एवढंच बोलली ती. मान खाली घालून नाही, सरळ पाहून. रुपरावाच्या हातातलं घड्याळ तेवढं टिकटिक करत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही. लपवण्यासारखी अब्रू तशीही शिल्लक राहिली नव्हती.

चंद्रकलाबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्या दाराशी गेल्या आणि त्यांनी शामलाचा हात धरला.

"बाई, आमचं खटलं मोठं आहे. दोन्ही टाइम पंगत उठते. मंगळ आला तं येऊ द्या, त्याच्यासाठी एक पाट आनखी मांडू. पन आईच्या झोपेसाठी बिनकाट्याचं घड्याळ घालनारी पोरगी मी कुठं शोधू?" मग मागे वळून मुलाला म्हणाल्या, "काय रे?" मुलगा फोटोतल्यापेक्षाही जास्त हसला. आणि त्यांनी पुष्पलतालाही विचारलं, सगळ्यांसमोर, तुला हा पसंत आहे का म्हणून. आजवर पाहायला आलेल्यांपैकी कोणीही तिला हे विचारलं नव्हतं. ती लाजली. आमची पुष्पलता लाजते हे मला तेव्हा कळलं. धोंडबाजींनी आलूबोंडा पूर्ण केला आणि दुसरा उचलला, हा त्यांचा होकार.

साखर वाटली, पाहुणे गेले. रुपराव त्यांना बसपर्यंत पोचवायला गेला, जाताना माझ्याकडे न पाहता. पुष्पलता मैत्रिणीकडे पळाली. घड्याळ टेबलावर बशांच्या मध्ये पडलं होतं, पालथं.

तेवढ्यात फाटक वाजलं. नत्थूजी! कुंपणापलीकडे उभे राहून त्यांनी सगळं कानावर घेतलेलं दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर शरमेचा मागमूस नव्हता. उलट छाती पुढे आली होती.

"जमलं न बाबनराव? मी काय म्हटलं होतं? पोरीच्या हातात पोवळं होतं का नोतं? मंग लागलं का नाई पोवळं, सांगा!"

मी उसळलो. काच, काटे, साहेबांचा चहा, पाहुण्यांसमोरची ती शोभा, सगळं माझ्या जिभेवर आलं. आज या माणसाला सोडायचं नाही असं ठरवून मी तोंड उघडलं, आणि माझी नजर कोचाच्या कोपऱ्याकडे गेली.

शामला तिथं बसल्या बसल्याच झोपली होती. मांडीवर अर्धवट पुसलेली बशी, हातात फडकं, मान एका बाजूला. दुपारी कधी न झोपणारी बाई, नत्थूजींच्या एवढ्या मोठ्या आवाजातही गाढ.

मी तिच्या मांडीवरची बशी हळूच उचलली.

"लागलं गा, नत्थूजी," मी म्हणालो. "हळू बोला."